स्विचने घेतलेला कानोसा : आयजीएमपी स्नूपिंग आलं कुठून?

आयजीएमपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एक छोटासा नियम आहे : शेजाऱ्याने उत्तर दिलेलं ऐकलंत तर तुम्ही गप्प बसा. १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये तो नीट लिहिलेला आहे, आणि त्या दस्तऐवजावर एकाच माणसाचं नाव आहे, स्टीव्ह डीअरिंग. ऑक्टोबर २००२ मध्ये आयजीएमपीची तिसरी आवृत्ती आली, आरएफसी ३३७६. तिच्यात हा नियम काढून टाकलाय. तिच्या पाच लेखकांत पुन्हा डीअरिंग आहेच. म्हणजे ज्याने नियम घातला, त्याच्याच सहीने तो गेला. मधल्या तेरा वर्षांत असं काय झालं?

नेटवर्किंगच्या पाठ्यपुस्तकात हे प्रकरण तुम्हाला दीड पानात भेटलं असेल : स्विच आयजीएमपीचे संदेश ‘ऐकतो’, कोणत्या पोर्टवर कोणत्या गटाचे सभासद आहेत ते लक्षात ठेवतो, आणि मल्टिकास्ट वाहतूक तेवढ्याच पोर्टांवर सोडतो. बँडविड्थ वाचते. परीक्षेला एवढं पुरतं. पण संशोधनाला बसायचं असेल तर प्रश्न उलटा विचारून बघा. स्विचला चोरून का ऐकावं लागतं? त्याला कोणी सरळ सांगत का नाही?

सुरुवात स्टॅनफर्डपासून करू. १९८० च्या दशकात तिथे डेव्हिड चेरिटन यांच्या गटात ‘व्ही’ नावाची वितरित ऑपरेटिंग सिस्टिम बनत होती. एकाच इथरनेटवरच्या अनेक यंत्रांमधल्या प्रक्रियांचे गट करायचे आणि सगळ्या गटाला एकदम संदेश पाठवायचा, ही तिची एक खासियत. इथरनेटवर हे सोपं होतं, कारण तेव्हाचं इथरनेट म्हणजे अक्षरशः एक सामायिक तार. एकाने बोललं की सगळ्यांना ऐकू जायचं, ज्याला नको त्याचं नेटवर्क कार्ड पॅकेट टाकून द्यायचं. अडचण तार संपल्यावर सुरू व्हायची. राउटरच्या पलीकडच्या यंत्रांना गटात कसं घ्यायचं? डीअरिंग चेरिटन यांचा विद्यार्थी होता. दोघांनी मिळून डिसेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९६६ लिहिलं, मग डीअरिंगने एकट्याने १९८६ मध्ये ९८८, १९८८ मध्ये १०५४, आणि शेवटी १९८९ मध्ये १११२. डीअरिंगचा प्रबंध त्यानंतर, १९९१ साली. (क्रम बघून ठेवा. आधी मसुदे, मग मानक, मग प्रबंध. आपल्याकडे बहुतेक उलटं चालतं.)

या मांडणीत पाठवणाऱ्याला गटात कोण आहे हे माहीत असायची गरज नाही. ज्याला ऐकायचंय त्याने आपल्या राउटरला कळवायचं. आणि राउटरला तरी काय हवं असतं? सभासदांची यादी नाही, मोजणीही नाही. या तारेवर या गटाचा निदान एक तरी सभासद आहे का, एवढंच.

आपल्या नियमाचं मूळ इथे आहे. एसटीत कंडक्टर ओरडतो, ‘हडपसर कुणी आहे का?’ मागून एक जण ‘आहे’ म्हणाला की उरलेले तोंड उघडत नाहीत. गाडी थांबणारच आहे. दहा जणांनी ओरडून काही फरक पडत नाही. आयजीएमपीत हेच : राउटर क्वेरी पाठवतो, प्रत्येक होस्ट स्वतःपुरता एक यादृच्छिक वेळ थांबतो, दरम्यान त्याच गटासाठी दुसऱ्याचा रिपोर्ट ऐकू आला तर आपला रद्द करतो. शंभर सभासद असोत की एक, बहुतेक वेळा तारेवर एकच रिपोर्ट जातो. मला हा नियम मनापासून आवडतो. किती कमी यंत्रणेत किती काम! पण तो एका गोष्टीवर उभा आहे : एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं.

मग तार तुटली

तुटली म्हणजे तिचे तुकडे झाले. आधी ब्रिज आले, आणि १९९० च्या सुमारास कल्पना नावाच्या सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीने अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. (संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं हे नाव. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी घेतली.) स्विचमुळे प्रत्येक यंत्राला जवळपास स्वतःची तार मिळाली. अ चं ब शी चाललेलं बोलणं क ला ऐकू जाणं बंद झालं, आणि सगळा फायदा त्यातच होता.

स्विचला कोण कुठे आहे हे कसं कळतं, ते आठवा. तो आलेल्या फ्रेमचा स्रोत-पत्ता बघतो. पोर्ट ३ वरून अमुक पत्त्याची फ्रेम आली, म्हणजे तो पत्ता पोर्ट ३ कडे. कुणी शिकवावं लागत नाही, वाहतूक बघून तो आपोआप शिकतो. आता मल्टिकास्ट पत्त्याचा विचार करा. तो गटाचा पत्ता आहे, यंत्राचा नाही. तो कायम ‘प्रति’च्या जागी येतो, ‘प्रेषक’ म्हणून कधीच येत नाही. म्हणजे शिकण्याची जी एकमेव युक्ती स्विचकडे आहे, ती नेमकी इथे चालत नाही. ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही ते सगळीकडे सोडायचं, हा त्याचा नियम. म्हणून प्रत्येक मल्टिकास्ट फ्रेम सगळ्या पोर्टांवर.

याचा परिणाम किती होतो ते एक काल्पनिक हिशेब मांडून बघू. ४८ पोर्टांचा स्विच, प्रत्येक पोर्ट १०० मेगाबिटचा. सर्व्हरवरून ३० व्हिडिओ प्रवाह निघतात, प्रत्येकी ४ मेगाबिटचे. एकूण १२० मेगाबिट. साधा स्विच हे १२० मेगाबिट प्रत्येक पोर्टवर ढकलणार, आणि पोर्टची ताकद १००. एकही व्हिडिओ न बघणाऱ्या लेखा विभागाच्या संगणकाचं काम ठप्प. तेच व्हिडिओ प्रत्येक प्रेक्षकाला वेगवेगळे पाठवले असते तर सर्व्हरवर भार पडला असता, पण लेखा विभागाला पत्ताही लागला नसता. म्हणजे बँडविड्थ वाचवायला आणलेलं मल्टिकास्ट, साध्या स्विचवर, न बघणाऱ्यांसाठी युनिकास्टपेक्षा वाईट ठरतं. ही विसंगती नीट लक्षात घ्या; पुढचं सगळं तिच्यातून येतं.

तीन उत्तरं

पहिलं उत्तर गंमत म्हणजे प्रश्न पेटण्याआधीच लिहून झालं होतं. १९८८ च्या सिगकॉम परिषदेत डीअरिंगने एक निबंध वाचला. चेरिटनसोबतची त्याची विस्तृत आवृत्ती १९९० मध्ये छापून आली. मल्टिकास्ट राउटिंगसाठी सगळे तो उद्धृत करतात. पण त्यात ब्रिजने जोडलेल्या मोठ्या लॅनवरचाही एक भाग आहे, तो सहसा कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा. त्यातली कल्पना अशी : ब्रिज स्रोत-पत्त्यावरून शिकतो ना? मग गटाच्या सभासदांनी अधूनमधून एक अशी फ्रेम पाठवावी की जिचा स्रोत-पत्ताच गटाचा पत्ता असेल. ब्रिज नेहमीच्याच पद्धतीने ‘हा गट त्या बाजूला आहे’ असं शिकेल. फरक एवढाच की गट एकाच वेळी अनेक बाजूंना असू शकतो, ते धरून ठेवायचं.

कल्पना सुंदर आहे, पण ती तशी रुजली नाही. ८०२.३ मानकात स्रोत-पत्त्यातला ‘गट’ दाखवणारा बिट शून्य असावा अशी अट आहे, आणि ही युक्ती नेमकी तीच मोडते. शिवाय तोवर आयपी मल्टिकास्टच्या मानकात होस्ट आणि राउटर अशी दोनच पात्रं ठरून गेली होती. मधल्या ब्रिजला त्या संवादात भूमिकाच नव्हती.

दुसरं उत्तर समितीचं. आयईईईने १९९८ च्या ८०२.१डी मानकात जीएमआरपी नावाचा प्रोटोकॉल घातला : होस्टने स्विचला थेट सांगायचं, मला हा गट हवाय. स्तरांची शिस्त पाळणारं, स्वच्छ उत्तर. दुसऱ्या स्तराची गोष्ट दुसऱ्या स्तरावर. पण त्यासाठी प्रत्येक होस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवा प्रोटोकॉल हवा. होस्ट आधीच आयजीएमपीतून तीच माहिती राउटरला सांगत होता. दुसऱ्या भाषेत पुन्हा स्विचला सांगण्यात त्याला काय रस? होस्टच्या बाजूने हे फारसं कधी आलंच नाही. २००७ मध्ये त्याची जागा एमएमआरपीने घेतली. सामान्य लॅनमध्ये तुम्हाला तेही क्वचितच दिसेल.

सिस्कोने याच काळात स्वतःचा तोडगा काढला, सीजीएमपी. यात होस्टला हात लावायचा नाही. राउटरला रिपोर्ट मिळाला की त्यात होस्टचा मॅक पत्ता असतोच. राउटर तो पत्ता आणि गटाचा पत्ता अशी जोडी स्विचला कळवतो. डोकं राउटरचं, काम स्विचचं. फक्त दोन्ही डबे एकाच कंपनीचे हवेत.

तिसरं उत्तर म्हणजे कानोसा. स्विचने कुणाला काही विचारायचं नाही. होस्ट आणि राउटर यांचं बोलणं आपल्यातूनच जातंय, तर ते उघडून वाचायचं. म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या यंत्राने तिसऱ्या स्तराच्या पाकिटात डोकावायचं. नेटवर्किंगच्या पहिल्या तासाला आपल्याला जे करू नका म्हणून शिकवतात, तेच. २००६ च्या आरएफसी ४५४१ च्या प्रस्तावनेत हे सरळ मान्य केलंय की ही यंत्रं स्तरांच्या विभागणीचा आदर्श पाळत नाहीत.

आणि जिंकलं तेच. का? माझं मत असं : त्यासाठी कुणाचीच परवानगी लागत नव्हती. होस्ट बदलायचा नाही, राउटर बदलायचा नाही, समितीची वाट बघायची नाही. स्विच बनवणाऱ्या कंपनीने एकटीने ठरवलं तरी भागत होतं, आणि ज्याने तो स्विच विकत घेतला त्याला त्याच दिवशी फायदा दिसत होता. जीएमआरपीचा फायदा मात्र सगळे बदलतील तेव्हाच.

कानोशाची किंमत

पण चोरून ऐकणाऱ्याचे हाल असतात. पहिला हाल आपल्या लाडक्या नियमाचाच. स्विचला कोणत्या पोर्टवर सभासद आहे हे हवंय. पोर्ट २ वरच्या होस्टने रिपोर्ट दिला, स्विचने तो सगळीकडे पसरवला, पोर्ट ५ आणि ९ वरच्या होस्टनी तो ऐकून आपापला रिपोर्ट रद्द केला. स्विचच्या लेखी ५ आणि ९ वर कुणीच नाही! त्यांचा व्हिडिओ बंद. यावर उपाय निघाला तो असा : होस्टचा रिपोर्ट इतर होस्टना ऐकूच जाऊ द्यायचा नाही, फक्त राउटर असलेल्या पोर्टकडे पाठवायचा. आता प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि प्रत्येक जण उत्तर देतो. म्हणजे नियम कागदावर होता, स्विच तो मुद्दाम निकामी करत होते. तिसऱ्या आवृत्तीच्या परिशिष्टात नियम काढण्याची जी कारणं दिलीत, त्यातलं एक हेच : तो ब्रिज केलेल्या लॅनवर नीट चालत नाही, आणि काढला तर स्नूपिंग करणाऱ्यांचं काम सोपं होतं. ज्या पात्राला मूळ संवादात जागाच नव्हती, त्याच्यासाठी शेवटी संवाद बदलला.

दुसरा हाल हार्डवेअरचा. पहिल्या दोन आवृत्त्यांत होस्ट आपला रिपोर्ट गटाच्याच पत्त्यावर पाठवतो. त्या गटाचा व्हिडिओही त्याच पत्त्यावर येतो. स्विचची चिप फक्त मॅक पत्ता बघू शकत असेल तर तिला दोन्ही सारखेच दिसतात. एक रिपोर्ट शोधायला सगळा व्हिडिओ स्विचच्या बारक्या प्रोसेसरकडे वळवावा लागतो, आणि तो गुदमरतो. म्हणून चांगलं स्नूपिंग करायला आयजीएमपी ओळखणारी चिप लागते, आणि तशी चिप नसलेल्या स्विचना सीजीएमपीसारखा आधार हवा असायचा. तिसऱ्या आवृत्तीत सगळे रिपोर्ट २२४.०.०.२२ या एकाच ठरावीक पत्त्यावर जातात. शोधणं सोपं झालं.

तिसरा हाल पत्त्यांचा. मल्टिकास्ट आयपी पत्त्यात गट ओळखणारे २८ बिट असतात, पण मॅक पत्त्यात त्यांतले २३ च उतरतात, ०१-००-५ई या उपसर्गामागे. पाच बिट गळतात, म्हणून ३२ वेगवेगळे गट एकाच मॅक पत्त्यावर येतात. असं का, याची एक कथा पाठ्यपुस्तकांतून फिरते : डीअरिंगला असे १६ सलग उपसर्ग हवे होते, प्रत्येकाची किंमत हजार डॉलर, पैसे नव्हते, जॉन पोस्टेल यांनी एकच घेतला आणि त्यातलाही अर्धा दिला. कथा म्हणून झकास आहे, गणितही जुळतं. पण प्रबंधात लिहिताना ‘असं सांगतात’ एवढंच लिहा आणि संदर्भ १११२ चा द्या. पत्ते एकमेकांवर येऊ शकतात हे त्यात स्पष्ट म्हटलंय.

याचा त्रास आजही होतो. २२४.०.०.५ हा ओएसपीएफ राउटरांचा पत्ता. २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते स्विचने सगळ्या पोर्टांवर सोडावेत अशी ४५४१ ची शिफारस आहे, कारण त्यांच्यासाठी बरेच होस्ट रिपोर्टच देत नाहीत. आता कुणी आपल्या व्हिडिओसाठी २२५.०.०.५ निवडला, तर मॅक पत्ता तोच. मॅकवरून निर्णय घेणारा स्विच तो व्हिडिओ सगळीकडे सोडत बसतो, स्नूपिंग चालू असूनही. प्रयोगशाळेत मल्टिकास्टचे प्रयोग करणार असाल तर गटाचा पत्ता निवडण्याआधी शेवटचे २३ बिट मांडून बघा.

आणि चौथा, सगळ्यात मजेशीर. समजा नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट राउटरच नाही. एक स्विच, काही कॅमेरे, काही पडदे. पडद्याने गटात शिरताना रिपोर्ट दिला, चित्र आलं. पण पुढे क्वेरी विचारणारं कुणी नाही, म्हणून पुन्हा रिपोर्ट नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या नेहमीच्या हिशेबाने क्वेरी १२५ सेकंदांनी, उत्तराला १० सेकंद. दोन फेऱ्या चुकल्या की सभासदत्व संपलं, म्हणजे २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंदांनी चित्र गायब! ‘थोडा वेळ चालतं आणि बंद पडतं’ अशी तक्रार आली की जाणकार माणूस आधी हेच तपासतो. उपाय म्हणजे स्विचनेच क्वेरी विचारायची. चोरून ऐकणाऱ्याला शेवटी स्वतः तोंड उघडावं लागलं.

हे सगळं वर्षानुवर्षं प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने करत होती, कारण स्नूपिंगचं मानकच नव्हतं. ४५४१ ही सुद्धा मानक नाही, ‘माहितीपर’ आहे. पण संशोधक म्हणून तुम्हाला त्यात एक खजिना सापडेल : लेखकांनी स्विच बनवणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली होती, आणि उत्तरं नावं झाकून शेवटी दिलीत. प्रत्यक्षात कोण काय करत होतं याची अशी लेखी नोंद क्वचितच मिळते.

‘मल्टिकास्ट आता कोण वापरतं?’ असं मुलाखतीत कुणी विचारेलच. खुल्या इंटरनेटवर ते फारसं टिकलं नाही हे खरं. पण जिथे सगळं नेटवर्क एकाच मालकाचं असतं तिथे ते जोरात आहे : केबल कंपन्यांचं आयपीटीव्ही, आणि शेअर बाजार. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराची टिक-बाय-टिक माहिती आधी टीसीपी जोडण्यांवरून एकामागून एक जायची. २०१४ मध्ये मल्टिकास्ट आलं. आधीच्या पद्धतीत रांगेत पुढे असलेल्याला माहिती आधी मिळते, हा मुद्दा सेबीच्या २०१९ च्या आदेशात सविस्तर आलाय. तिथे मल्टिकास्टचा प्रश्न बँडविड्थचा कमी आणि समान वागणुकीचा जास्त आहे. आयपीव्ही६ मध्ये तर सुटकाच नाही : शेजारच्या यंत्राचा मॅक पत्ता शोधणंही मल्टिकास्टवरच चालतं, त्यामुळे तिथला स्नूपिंगचा भाऊ, एमएलडी स्नूपिंग, बिघडला तर व्हिडिओच काय, साधं पिंगही जात नाही.

तुम्हाला विषय शोधायचा असेल तर वाय-फायकडे बघा. तिथे माध्यम पुन्हा सामायिक झालंय. एकाने बोललं की सगळ्यांना ऐकू जातं, अगदी १९८० च्या तारेसारखं. मल्टिकास्टला हे सोयीचं असायला हवं होतं. पण वाय-फायवर मल्टिकास्ट फ्रेमची पोच कुणी देत नाही, आणि त्या सहसा सगळ्यात मंद यंत्रालाही झेपेल अशा हळू वेगाने पाठवाव्या लागतात, म्हणून त्या हवेतला वेळ खातात. मग अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट काय करतात? आयजीएमपीचा कानोसा घेतात, कोण कोण सभासद आहे ते शोधतात, आणि मल्टिकास्टचं युनिकास्ट करून प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतात. किती सभासदांपर्यंत हे परवडतं आणि कुठे उलटतं, हा मोजून बघण्यासारखा प्रश्न आहे. २०२१ ची आरएफसी ९११९ आधी वाचा, मग मोजायला बसा.